भोपळा उतरवायचा आणि मेथी पेरायची: पावसाळा सरतानाचं परसकाम

दसऱ्याच्या आसपास परसात दरवर्षी एक पेच पडतो. निम्मी जागा भोपळ्याच्या वेलानं व्यापलेली असते. खालची पानं भुरीनं पांढरी पडलेली, चार-पाच फळं पानांआड दडलेली. आणि आपल्या डोक्यात मात्र मेथी, पालक, मुळा सुरू झालेले असतात. पहिल्या वर्षी मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच वेल मुळापासून उपटला, पाचही भोपळे स्वयंपाकघरात ओळीनं मांडले आणि त्याच संध्याकाळी मोकळ्या मातीत मेथी फेकली. पाठोपाठ हस्ताचा पाऊस असा कोसळला की सगळी मेथी वाहून वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात गोळा झाली. पाचातले तीन भोपळे दिवाळीच्या आत देठापाशी मऊ पडले. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भोपळ्याला अजून यायचं नव्हतं, तू आणलास."

पहिल्यांदाच परस करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आमची जागा साताऱ्याच्या बाजूला, अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त, काळसर माती, खाली मुरूम. कोकणात पाऊस जास्त रेंगाळतो, विदर्भात थंडी आमच्यापेक्षा चांगली पडते, त्यामुळे तारखा आठ-पंधरा दिवस मागेपुढे धरा. कामांचा क्रम मात्र तोच राहतो.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण बी मागताना तो आडवा येतो. मी भोपळा म्हणते तो लाल भोपळा. कोकणात तो तांबडा भोपळा, खानदेशात डांगर किंवा गंगाफळ, कुठे काशीफळ, तर विदर्भात त्यालाच कोहळं म्हणतात. इकडे डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं डांगर समोर येतं आणि कोहळा म्हटलं की राखेसारखी पांढरी पूड अंगावर असलेलं, पेठा आणि सांडग्यांचं फळ. म्हणून नुसतं नाव सांगून बी घेऊ नका, फळ कसं दिसतं तेही विचारा.

भोपळा तयार झाला हे कसं ओळखायचं

जूनमध्ये लावलेल्या वेलावरची पहिली फळं साधारण ऑक्टोबरात पक्व होतात. आकारावर जाऊ नका. फळ पूर्ण वाढल्यानंतरही आतला गर गोड व्हायला आणि बी भरायला वेळ लागतो. मी तीन खुणा बघते. देठ हिरवा आणि रसरशीत असेल तर फळ कच्चं आहे. तो पिवळट-तपकिरी होऊन लाकडासारखा कडक झाला पाहिजे. दुसरं, सालीवर नख दाबा. नख रुतलं तर थांबा. तिसरं, फळाचा जमिनीला टेकलेला भाग बघा, तो पांढरटाचा पिवळा झालेला असतो. टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धतही आहे, पण नवख्या माणसानं तिच्यावर विसंबू नये. देठ फसवत नाही.

फळ तयार होत असताना त्याखाली फरशीचा तुकडा किंवा वाळलेल्या गवताची गादी सरकवून ठेवा. ओल्या मातीवर टेकलेलं फळ खालून सडतं आणि वरून काहीच कळत नाही. काढणीआधी आठ-दहा दिवस वेलाला पाणी देऊ नका. पाऊस चालूच असेल तर इलाज नाही, पण निदान काढायला दोन कोरडे दिवस निवडा.

आणि मुठीएवढी जी फळं आता कुठे धरताहेत त्यांचं काय? वेल अजून टवटवीत असेल तर त्याचे शेंडे खुडा, म्हणजे वेलाचा जोर नव्या फांद्यांऐवजी फळांकडे जातो. वेल म्हातारा झाला असेल तर ही फळं कोवळीच काढून सालीसकट भाजी करा, छान होते. खुडलेले कोवळे शेंडेही टाकू नका. वरचे दोरे सोलून, लसूण-मिरचीवर परतले की पालेभाजी तयार. नरफुलांची भजी होतात. नरफूल लांब, बारीक दांड्यावर असतं, तर मादीफुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. भज्यांसाठी नरफुलंच तोडा, मधला परागाचा दांडा काढून टाका, आणि परागीकरणासाठी दोन-तीन फुलं वेलावर राहू द्या.

काढताना फळ पिरगाळू नका. धारदार कोयत्यानं किंवा छाटणीच्या कात्रीनं कापा आणि फळाला तीन-चार बोटं देठ राखा. देठ तुटला की तिथूनच कूज आत शिरते. त्याच कारणानं भोपळा देठाला धरून उचलायचा नाही. दोन्ही हातांनी खालून उचला. आपटला, मुका मार बसला, तर तो भोपळा वेगळा ठेवा आणि आधी खा.

साठवण

काढलेला भोपळा धुऊ नका. कोरड्या फडक्यानं माती पुसा आणि आठ-दहा दिवस ओसरीत किंवा गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन लागेल असा ठेवा. या दिवसांत दव पडतं, म्हणून रात्री आत घ्या. या उन्हात साल आणखी कडक होते, बारीक ओरखडे भरून येतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या भोपळ्यांना हेच मिळालं नव्हतं.

नंतर जागा हवी सावलीची, कोरडी आणि वारा खेळती. फ्रिज नको. जुन्या घरांत माळ्यावर किंवा शिंक्यात भोपळे टांगलेले असायचे, त्यामागे हेच शहाणपण होतं. फ्लॅटमध्ये पलंगाखाली किंवा कपाटावरही जमतं. प्रत्येक भोपळ्याखाली भाताच्या पेंढ्याची किंवा जुन्या साडीची चुंबळ करा म्हणजे तो हलत नाही आणि खालून हवा लागते. भोपळे एकमेकांना टेकू देऊ नका. आठवड्यातून एकदा प्रत्येक भोपळा उचलून देठापाशी वास घ्या. नीट पिकलेला, नीट वाळवलेला भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो, म्हणजे संक्रांतीपर्यंत घरचा भोपळा.

वेल काढल्यावर लगेच पेरू नका

इथे खरी परीक्षा असते. जागा मोकळी दिसते आणि हात शिवशिवतात. पण भोपळ्याच्या वेलाखालच्या मातीत फळमाशीचे कोष असतात. या माशीच्या अळ्या फळ पोखरतात आणि मग कोषात जायला जमिनीत वीतभराच्या आत शिरतात. म्हणून वेल काढला की माती कुदळीनं वीतभर खणून उलटी करा आणि आठ दिवस तशीच उघडी ठेवा. ऑक्टोबरचं ऊन सगळ्यांना नकोसं वाटतं, मातीला मात्र ते हवं असतं. कोष वर येतात, उन्हानं मरतात, साळुंक्या येऊन वेचतात. वेलाखाली पडलेली किडकी फळं कंपोस्टमध्ये कधीच टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, मग पुरा. याच जागी लगेच काकडी, दोडका, कारलं लावायचं नाही. ती सगळी त्याच माशीची आवडती.

आता वापसा. हा शब्द शेतकऱ्याच्या घरी लहान मूलही जाणतं, शहरातून आलेल्याला तो शिकावा लागतो. माती ना चिकट ना कोरडी, काम करायला योग्य, अशी स्थिती म्हणजे वापसा. मूठभर माती घेऊन दाबा. लाडू झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटला, तर वापसा आला. लाडू तसाच राहिला तर थांबा. काळ्या मातीत वापशाआधी कुदळ घातली तर अशी ढेकळं होतात की ती पुढे महिनाभर फुटत नाहीत.

वाफा साधारण तीन फूट रुंद करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणे. तीन फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला मी तीन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड घालते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: भुसभुशीत, गार, वास नसलेलं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते, ती मुळं कुरतडते, आणि चांगलं उभं रोप एका दिवसात मान टाकतं. खत उकरून त्यात पांढऱ्या, गोल वळलेल्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढल्याशिवाय ते वाफ्यात घेऊ नका.

गच्चीवर करणाऱ्यांनी पालेभाज्यांसाठी सहा ते आठ इंच खोलीचे क्रेट घ्यावेत, मुळा-गाजराला निदान बारा इंच माती हवी. तळाला भोकं आहेत ना, एवढं आधी बघा.

काय, केव्हा पेरायचं

हस्त नक्षत्र साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात तेच हे दिवस. या काळात उघड्यावर बारीक बी पेरू नये असं माझं आता ठाम मत आहे. पेरायचंच असेल तर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वांगी यांची रोपं आडोशाला ट्रेमध्ये करा. ती पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येतात, तोवर पाऊस गेलेला असतो. रोपवाटिकेतून रोपं आणणार असाल तर उंच, लुकडी रोपं टाळून बुटकी, जाड दांड्याची घ्या.

याच दिवसांत बियांची परीक्षाही होते. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो आणि दसऱ्यापर्यंत ते वीतभर उगवून येतं. तेच भाजीच्या बियांशी करा. दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथी दोन-तीन दिवसांत मोड दाखवते, धणे आठवडाभर घेतात. दहातल्या आठ उगवल्या तर बी उत्तम. पाच उगवल्या तर दुप्पट पेरा. दोन-तीनच आल्या तर ते बी सोडून द्या.

चित्रा नक्षत्रात, म्हणजे २३ ऑक्टोबरपर्यंत, पालेभाज्यांपासून सुरुवात करा, आणि नवख्यानं मेथीपासूनच करावी. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी चालते. रात्रभर भिजवा, सकाळी निथळून वाफ्यावर बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं पसरा, वर अर्धा इंच चाळलेली माती, आणि झारीनं पाणी. पाइपाची धार मारली तर बी उघडं पडतं. पंचवीस-तीस दिवसांत जुडी हातात येते. सगळा वाफा एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी तीन-तीन फूट पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत घरची मेथी खाल.

धणे मात्र तसेच पेरायचे नाहीत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात आणि या टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. वाफ्यावर ओलं गोणपाट घाला, पहिला कोंब दिसताच काढा. ऊन कडक असेल तर कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर जाते, म्हणून तिला दुपारनंतर सावली येईल अशी जागा द्या. पालक रात्रभर भिजवून ओळीत पेरा आणि उपटू नका. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापला की तीन-चार वेळा फुटतो. शेपू आणि चाकवतही याच सुमारास. चाकवत बाजारात कमी दिसतो, म्हणून घरी असावाच. ताकातल्या चाकवताची चव दुसऱ्या भाजीला नाही.

मुळा आणि गाजर जागच्या जागी पेरा, रोप करून हलवू नका, मुळं वाकडी होतात. यांच्या वाफ्यात ताजं खत नको आणि खडे वेचलेले हवेत, नाहीतर गाजराला दोन-तीन पाय फुटतात. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, गाजर तीन महिने घेतं. गाजराचं बी इतकं बारीक की ते चौपट वाळूत मिसळून पेरावं. उगवल्यावर विरळणी करायला मन धजत नाही, पण करा. दोन बोटांवर एक रोप ठेवा. उपटलेल्या मुळ्याच्या कोवळ्या पाल्याची पीठ पेरून भाजी होतेच.

स्वातीत, दिवाळीच्या आगेमागे, हवेत गारवा आला की वाटाणा आणि लसूण. भोपळा खादाड असतो, मातीतलं बरंच घेऊन जातो. म्हणून त्याच्या जागेतल्या एका भागात मी दरवर्षी वाटाणा किंवा घेवडा लावते. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. वाटाण्यात अर्केल हे बुटकं, लवकर येणारं वाण नवख्याला सोपं. लसणाच्या मोठ्या बाहेरच्या पाकळ्या निवडून, टोक वर ठेवून, चार बोटं अंतरावर लावा. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीत जाऊ द्या. कोबी-फ्लॉवरची रोपं दीड-दीड फुटावर. वाफ्याच्या कडेनं मोहरीची एक ओळ टाका: कोबीवर येणारी अळी आणि मावा आधी मोहरीवर बसतात, तिथेच त्यांना आवरता येतं. ढगाळ हवेनंतर मावा हमखास येतो. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी नीट ढवळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, फवारा.

पाणी ऑक्टोबरात रोज थोडं, रोपांनी जीव धरला की एक दिवसाआड, डिसेंबरात तीन-चार दिवसांनी. सकाळी द्या. उसाचं पाचट किंवा वाळकी पानं दोन बोटं जाड अंथरली की खुरपणी आणि पाणी दोन्ही निम्म्यावर येतं.

पाच किलोचा भोपळा फोडल्यावर

विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते उगाच नाही. अख्खा भोपळा विळीवर किंवा सुरीखाली घेताना तो फिरतो आणि हात कापतो. खाली दुमडलेलं ओलं फडकं घाला, देठातून नव्हे तर देठाच्या शेजारून सुरीचं टोक खुपसा, दाबत खाली आणा, मग भोपळा फिरवून दुसरी बाजू. फोडल्याबरोबर आतल्या बिया आणि दोऱ्या खरवडून काढा, कूज तिथूनच सुरू होते. चिमूटभर गर जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो भोपळा अजिबात खाऊ नका, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो विषारी असू शकतो. दुधीलाही हाच नियम.

फोडलेल्या भोपळ्याचे आमच्याकडे वाटे होतात. एक शेजारी, एक नणंदेकडे. घरात राहतं त्यातलं आधी भाजीला. तेलात मोहरी, मेथीदाणे चांगले लाल होईपर्यंत, हिंग, सुकी मिरची, मग सालीसकट मोठ्या फोडी. पाणी घालायचं नाही, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. शेवटी आमसूल, गूळ, ओलं खोबरं. फोडी मोडल्या की चव गेली, म्हणून पळी जपून. भरीत याहून सोपं: वाफवलेला गर, घट्ट दही, मीठ, किंचित साखर, वरून तूप-जिऱ्याची आणि हिरव्या मिरचीची फोडणी. बऱ्याच घरांत हे उपासालाही चालतं.

आणि घारगे. नवख्यांचं इथे एकच चुकतं, ते पाणी घालतात. दोन वाट्या किसलेला भोपळा चमचाभर तुपावर परता, त्यात एक वाटी चिरलेला गूळ घाला. गूळ विरघळून मिश्रण सैल होईल, ते जरा आळू द्या. चिमूट मीठ, वेलची किंवा जायफळ. पूर्ण गार झाल्यावर त्यात दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढीच कणीक घालून घट्ट मळा. कणकेचं माप मी सांगत नाही, कारण प्रत्येक भोपळ्याचं पाणी वेगळं. अर्धा तास झाकून ठेवा, पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तळा. आच मोठी केली तर गुळामुळे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. तीन-चार दिवस टिकतात, प्रवासाला उत्तम, आणि सोबत लोणी हवंच.

साल जाड असेल तर ती बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत परता, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट आणि मीठ घालून कुटा. भाकरीबरोबर ही चटणी भाजीपेक्षा आधी संपते. उरलेला गर वाफवून, घोटून, वाटीवाटीच्या डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवा, पुढच्या घारग्यांची तयारी होते.

बियांचे दोन भाग करा. खायच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजून मीठ लावा. पेरायच्या बियांसाठी मात्र सगळ्यात निरोगी वेलाचा, सगळ्यात गोड निघालेला भोपळा निवडा, आणि तोही काढणीनंतर महिनाभर ठेवून मग फोडा, बी तेवढ्यात पूर्ण भरतं. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याचं बी राखू नका, पुढच्या वर्षी आईबापासारखी फळं येत नाहीत. गावठी किंवा सुधारित वाणाचं राखा. लाल भोपळ्याची दोन वेगळी वाणं शेजारी असतील तर मधमाश्या त्यांचा संकर करतात. दुधीशी मात्र त्याचा संकर होत नाही. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं, भोपळ्याचं पिवळं, पहाटे उमलणारं. राखलेलं बी धुऊन सावलीत आठवडाभर वाळवा, दोन बोटांत वाकवल्यावर ते मोडलं पाहिजे. मग चाळलेल्या चुलीच्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत भरा आणि वर चिठ्ठी लावा: कुठला वेल, कुठला महिना, फळाचं वजन किती. बरणी मसाल्याच्या फळीवर नको, गार, अंधाऱ्या कपाटात ठेवा. ती जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून माती भिजली की उघडायची.